दोन मिनिटांचं पाणी

युक-फानच्या सुपाला नावं ठेवायची आमच्या इमारतीत कुणाची छाती नव्हती. डुकराची हाडं, कमळकाकडी, चवळी, लाल खजूर आणि मूठभर अक्रोड जाड बुडाच्या पातेल्यात घालायचे, वर आठ वाट्या पाणी ओतायचं आणि मंद आचेवर तीन तास विसरून जायचं. तीन तासांनी आठाच्या दोन वाट्या उरल्या पाहिजेत. "लवकर होतं ते सूप नव्हे, ते हाडं धुतलेलं पाणी," असं ती शेजारच्या फोंगकाकूंना तोंडावर सांगायची. फोंगकाकू दीड तासात गॅस बंद करणाऱ्या, त्या काय बोलणार?

त्या उन्हाळ्यात या दोन वाट्या एकाच माणसासाठी होत्या. सून ह्यू-तुंगला सहावा महिना लागला होता. पहिली मुलगी, चार वर्षांची लोक-यी. आता पोट पुढून टोकदार दिसतंय म्हणजे मुलगाच, असं फोंगकाकूंनी सांगितलं होतं, भाजीवालीने सांगितलं होतं आणि युक-फानला ते पटायला कुणाच्या सांगण्याची गरज नव्हती. लोक-यी पातेल्याजवळ घुटमळली की आजी तिला हाताने बाजूला सारायची. "यी-यी, हे तुझ्या भावाचं आहे हां. तुला अंडं-भात देते." पोरगी ऐकायची. तशी ती शहाणीच होती, फक्त बोलायला जरा उशीर करत होती.

हाँगकाँगात सरकारी घराचा नंबर लागायला आठ वर्षं जातात, यांचीही गेली. आठ वर्षं ते एका खोलीच्या तिसऱ्या हिश्शात राहिले, पार्टिशनच्या पलीकडच्या माणसाचं खोकणं ऐकत. मग ही नवी कोरी इमारत, एकतिसावा मजला, स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचा नळ. राहायला आले त्या दिवशी रीतीप्रमाणे युक-फानने घरातले सगळे नळ सोडले, म्हणजे घरात सुबत्ता वाहत येते. ती नळासमोर उभी राहून रडली होती. मुलगा ची-हांग म्हणाला, "आई, नळाला बघून कुणी रडतं का?" त्याला काय कळणार?

युक-फान चौदा वर्षांची असताना शहरातलं पाणी आटलं होतं. चार दिवसांतून एकदा, चार तास पाणी. वस्तीतल्या एका नळावर सबंध गल्लीचे डबे रांगेत, आणि धाकट्या भावाला कडेवर घेऊन ती त्या रांगेत. एकदा कुणाच्या तरी धक्क्याने तिची बादली कलंडली. आईने मारलं नाही, नुसती त्या ओल्या जमिनीकडे बघत राहिली. त्या दिवसापासून या बाईने आयुष्यात पाण्याचा थेंब वाया घालवला नाही. तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला, भाजी धुतलेलं संडासात. सुनेने नळ जरा मोठा सोडला की बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा, "तुंग, समुद्र संपेल बाई."

जुलैच्या सुरुवातीला लिफ्टमध्ये नोटीस लागली. दुसऱ्या एका वसाहतीतल्या पाण्यात शिसं सापडलं होतं. पाइपांचे सांधे जोडताना कुणा ठेकेदाराने शिशाचा डाख वापरला होता म्हणे. आपल्या इमारतीच्या पाण्याची तपासणी व्हायची आहे, तोवर रहिवाशांनी सकाळी नळ दोन मिनिटं सोडून द्यावा, मगच पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी भरावं.

ची-हांग बस चालवायचा, पहाटे पाचला घर सोडायचा. त्याने नोटिशीचा फोटो काढून आईला दाखवला. "दोन मिनिटं. घड्याळ लावून. तुंग दोन जिवांची आहे, विसरू नकोस."

"मी काय तान्ही आहे का? सोडीन."

आणि तिने सोडला. रोज सकाळी सहाला, घड्याळाकडे बघत, पूर्ण दोन मिनिटं. फक्त नळाखाली बादली होती.

आता यात तिचं काय चुकलं, असं त्या वेळी कुणालाही विचारलं असतं तर काहीच नाही असंच उत्तर आलं असतं. दोन मिनिटांत बादली काठोकाठ भरायची. एवढं पाणी, स्वच्छ, नितळ, वास नाही, गढूळपणा नाही. ते मोरीत सोडायचं? नोटीस लिहिणारे साहेब रांगेत कधी उभे राहिले होते? दोन मिनिटं झाली की ती बादली उचलून बाजूला ठेवायची आणि मग नळाखाली किटली धरायची. चहाला, भाताला, लेकराच्या दुधाला किटलीतलं चांगलं पाणी. बादलीतलं सुपाला. कारण सूप तीन तास उकळतं. तीन तास उकळल्यावर पाण्यात कसली ब्याद शिल्लक राहते? आमच्याकडे शहाण्यासुरत्या माणसांनाही हेच वाटतं, की उकळलं की निर्धास्त. युक-फान तर जरा जास्तच वेळ ठेवायला लागली. हो, न जाणो.

संध्याकाळी सहाला ह्यू-तुंग बेकरीतून परत यायची, पाय सुजलेले, चेहरा पिठासारखा पांढरा. युक-फान दोन्ही वाट्या तिच्यापुढे ठेवायची.

"आई, आज एकच पुरे. वासानेच कसंतरी होतंय."

"वास येतो म्हणून तर ताकद येते. हांगच्या वेळी मला कोण देणार होतं? पी. वाया घालवायचं नाही." एवढं बोलून ती कचऱ्याची पिशवी उचलायची आणि खाली बाकावर फोंगकाकूंपाशी जाऊन बसायची. सासू डोक्यावर बसून पाजते असं नको कुणी म्हणायला. अर्ध्या तासाने वर आली की दोन्ही वाट्या लख्ख असायच्या. तिला इतकं बरं वाटायचं की ती त्या वाट्या पुन्हा घासायची नाही, नुसत्या विसळायची.

असे पाच आठवडे गेले. ऑगस्टमध्ये लोक-यीचं पोट दुखायला लागलं. बालवाडीच्या बाईंनी सांगितलं की मुलगी एका जागी बसत नाही, चिडते, भात तसाच टाकते. युक-फान म्हणाली, उकाडा आहे, दुसरं काय?

मग आमच्या इमारतीचा निकाल आला. पाण्यात शिसं होतं. दुसऱ्याच दिवशी खाली अंगणात निळ्या टाक्या आणि चार नळ बसवले गेले. लोक चाकांच्या पिशव्यांत डबे घालून लिफ्टसमोर रांगा लावायला लागले, म्हाताऱ्या बायका एकमेकींना ढकलायला लागल्या. बावन्न वर्षांनी युक-फान पुन्हा डबा घेऊन रांगेत उभी राहिली. तिला हसू आलं. "बघ गं," ती फोंगकाकूंना म्हणाली, "तेव्हा पाणी नव्हतं म्हणून रांग, आता आहे म्हणून."

रविवारी खालच्या हॉलमध्ये आरोग्य खात्याची माणसं आली. गरोदर बायका आणि सहा वर्षांखालची मुलं यांचं रक्त घ्यायचं होतं. आधी एक तरुण नर्स माइक घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, काही शंका असतील तर विचारा.

मागून कुणीतरी विचारलं, "आम्ही उकळून प्यायलो. मग काय प्रश्न?"

"काका, उकळून जंतू मरतात. शिसं मरत नाही, ते काही जिवंत नसतं," नर्स म्हणाली. लोक हसले. "पाण्याची वाफ होते, शिसं भांड्यात राहतं. तुम्ही जितकं आटवाल तितकं ते उरलेल्या पाण्यात दाट होत जातं. आणि सगळ्यात वाईट पाणी सकाळचं पहिलं. रात्रभर पाइपात साचून राहिलेलं. तेच तुम्हाला सोडून द्यायला सांगितलं होतं."

युक-फान तिसऱ्या रांगेत बसली होती. आठाच्या दोन वाट्या. रोज. पाच आठवडे. शेजारी सून बसली होती, दोन्ही हात पोटावर ठेवून. तिच्या मांडीला टेकून लोक-यी उभी होती. युक-फानला सुनेच्या तोंडाकडे बघवेना. ती समोरच्या खुर्चीच्या पाठीवरचा नंबर वाचत राहिली.

"आई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" ह्यू-तुंगने विचारलं. तिचा स्वतःचा चेहराही उतरला होता, पण हॉलमध्ये त्या दिवशी कुणाचा उतरला नव्हता?

"पंखा लागतोय," युक-फान म्हणाली.

रक्त घेतलं. ह्यू-तुंगने मान वळवली नाही. लोक-यीने मात्र हॉल डोक्यावर घेतला, दोन बायकांना तिला धरावं लागलं. निकाल दोन आठवड्यांनी पत्राने येणार होता.

ते दोन आठवडे युक-फानने कसे काढले ते तिलाच ठाऊक. बादली तिने धुऊन बाल्कनीत पालथी घातली. पातेलं कपाटाच्या वरच्या फळीवर गेलं. सोमवारी संध्याकाळी टेबलावर सूप नाही हे बघून ची-हांगसुद्धा म्हणाला, "काय गं, आज उपास?"

"उन्हाळ्याचं सूप बाधतं. पुरे झालं."

"तू म्हणतेस हे? लिहून ठेवायला हवं."

लोक-यी टेबलापाशी आली, आईच्या खुर्चीला टेकली आणि म्हणाली, "सूप?"

"नाही सूप," ह्यू-तुंग पटकन म्हणाली आणि तिला उचलून आत घेऊन गेली. युक-फानचं तिकडे लक्ष नव्हतं. तिला फक्त सुनेचं पोट दिसत होतं. त्या पोटात तिचा नातू होता आणि तिने स्वतःच्या हाताने, जबरदस्ती करून, त्याला विष पाजलं होतं. मुलाला सांगावं असं तिच्या रोज मनात यायचं. तो बसची टोपी खुंटीला अडकवायचा, बूट काढायचा, आणि तिच्या तोंडाला कुलूप लागायचं. त्याने एकदाच विचारलं, "आई, तू नळ रोज सोडत होतीस ना?"

"रोज सोडत होते. घड्याळ लावून." खोटं तर नव्हतं.

ती क्वुन-याम देवीच्या देवळात गेली. तिथे उदबत्त्यांच्या धुरात तिने देवीला सरळ सांगितलं, की माझं काय करायचं ते कर, पोराला हात लावू नकोस. गाऱ्हाणं घालून उठताना गुडघे इतके आखडले की देवळातल्या बाईने हात दिला.

निकालाची पत्रं शनिवारी दुपारी आली. दोन पाकिटं. ची-हांगला सुट्टी होती. त्याने टेबलावर जेवणाची ताटं बाजूला सारून पहिलं पाकीट फोडलं. ह्यू-तुंग समोर बसली होती, युक-फान ओट्याशी कापड हातात घेऊन उभी.

"ह्यू-तुंग," तो वाचायला लागला. "पाचाच्या आत असेल तर ठीक, असं खाली लिहिलंय. तुझं दोन." त्याने पुन्हा बघितलं. "दोनच. तुंग, काही नाही झालेलं."

युक-फानचा जीव भांड्यात पडला. ती खाली लादीवर बसली आणि रडायला लागली. "वाचला गं बाई, माझा नातू वाचला. देवीने ऐकलं." ची-हांग धावला, तर ती त्याचा हात धरून भडाभडा बोलत सुटली. बादली, पहिलं पाणी, सूप, आठाच्या दोन वाट्या, सगळं. "मला वाटलं उकळलं की जातं. मला वाटलं मीच मारलं त्याला. दोन आठवडे मी अन्न गिळलं नाही रे."

ची-हांगने हात सोडवून घेतला. त्याच्या कपाळावरची शीर ताडताड उडत होती. "बादली धरलीस? मी सांगितलं होतं, सोडून दे म्हणून. आणि तेच हिला पाजलंस?" मग त्याने एक मोठा श्वास घेतला. "जाऊ दे. नशीब म्हणायचं. पाच आठवडे पिऊन दोनच आलं म्हणजे त्या पाण्यात फार काही नसणार."

"हांग," ह्यू-तुंग म्हणाली. "दुसरं उघड."

तिचा आवाज इतका हळू होता की युक-फानने रडणं थांबवून वर बघितलं. सुनेच्या चेहऱ्यावर आनंदाचा लवलेश नव्हता. ती त्या दुसऱ्या पाकिटाकडे बघत होती.

ची-हांगने ते फोडलं. वाचलं. कागद उलटा करून मागे बघितलं, जणू मागे दुसरा आकडा असेल. "लोक-यी. चौदा."

आतल्या पलंगावर लोक-यी झोपली होती, तिचा एक पाय पडद्याबाहेर लोंबत होता.

"चौदा कसं येईल?" ची-हांग म्हणाला. "तिला तर चांगलं पाणी देत होतीस ना? किटलीतलं? आई?"

"किटलीतलंच. शपथ घेते. दूध, भात, सगळं किटलीतलं. सुपाला तर मी तिला हातसुद्धा लावू..." आणि तिथे युक-फान थांबली.

वाट्या रोज लख्ख असायच्या. वासाने कसंतरी होतंय म्हणणारी सून, आणि लख्ख वाट्या. खुर्चीला टेकून 'सूप?' म्हणणारी पोरगी. जिने कधी सूप चाखलंच नव्हतं, तिला त्याची आठवण कुठून येणार?

तिने सुनेकडे बघितलं. ह्यू-तुंगने सूप मोरीत ओतलं नव्हतं, कारण या घरात काही मोरीत ओतायची सोय नव्हती. तिने ते लेकीला दिलं होतं. भावाचं म्हणून जिला रोज हाकललं जायचं, तिला तिच्या आईने चोरून, एकेक चमचा, दोन्ही वाट्या पाजल्या होत्या. अक्रोड डोक्याला चांगला, पोरगी बोलायला लागेल. युक-फानला हे कुणी सांगितलं नाही. तिला ते तिथे बसल्याबसल्या दिसलं.

"मग कुठून आलं?" ची-हांग ओरडला. आत लोक-यी जागी होऊन कुरकुरली.

ह्यू-तुंगने तोंड उघडलं. युक-फान तिच्या आधी बोलली.

"मीच पाजत होते तिला."

"तू? तू तर म्हणायचीस भावाचं आहे."

"म्हणायचे. रोज दुपारी द्यायचे, हिला न सांगता. लेकरू मागायचं, मला नाही म्हणवायचं नाही. म्हातारीची अक्कल. आणि काय सांगू?"

ह्यू-तुंगने सासूकडे बघितलं. युक-फानने मान अगदी किंचित हलवली, नाही म्हणून. सून गप्प राहिली. ती गप्प राहिली याचा युक-फानला राग आला नाही असं नाही. आला. एक क्षण असा आला की सगळं सांगून टाकावं, हिने पाजलं, मी नाही. पण पाणी कुणाचं होतं? बादली कुणी धरली होती? आणि दोन महिन्यांनी जिला बाळंत व्हायचं आहे, तिच्या गळ्यात हे बांधून ती जगली असती का? ची-हांग पत्र तिथेच टाकून दार आपटून निघून गेला.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की रक्तातलं शिसं हळूहळू खाली येईल, त्याला औषध नको, फक्त त्या पाण्यापासून लांब ठेवा. "आणि डोक्याचं?" ह्यू-तुंगने विचारलं. शाळेत जाईपर्यंत बघत राहू, डॉक्टर म्हणाले. जे गेलं असेल ते किती गेलं, हे आज कुणी सांगू शकत नाही. त्यांनी लोक-यीला चार रंगांचे ठोकळे दिले आणि तांबडा कुठला ते विचारलं. तिने चारही टेबलाखाली टाकले.

ची-हांग आईशी बोलेनासा झाला. खालून पाण्याचे डबे तोच आणायचा, चार-चार, आणि ओट्याखाली ठेवताना तिला बाजूला हो असंही म्हणायचा नाही, ती होईपर्यंत उभा राहायचा. फोंगकाकूंपर्यंत बातमी गेली होती. बाकावर आता त्या सरकून जागा द्यायच्या, पण सुपाविषयी काही बोलायच्या नाहीत.

सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी ह्यू-तुंग बेकरीतून आली, हात धुतले आणि ओट्याशी उभ्या असलेल्या सासूला म्हणाली, "आई, उद्या सूप कराल?"

युक-फानने वळून बघितलं नाही. "कशाला?"

"खालच्या पाण्याचं करा. मी पिईन."

दुसऱ्या दिवशी पातेलं वरच्या फळीवरून खाली आलं. हाडं, कमळकाकडी, चवळी, लाल खजूर, अक्रोड. निळ्या टाकीच्या पाण्याच्या आठ वाट्या. तीन तास. सहाला युक-फानने दोन वाट्या टेबलावर ठेवल्या. कचऱ्याची पिशवी तिने उचलली नाही. ती समोरच्या खुर्चीवर बसली.

ह्यू-तुंगने पहिली वाटी तोंडाला लावली. वासाने तिचे डोळे भरून आले, पण तिने वाटी खाली ठेवली नाही. एक घोट, मग दुसरा. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

सुपाचा वास येताच लोक-यी आतून धावत आली. आईच्या खुर्चीला टेकली, मान वर केली आणि रोजच्यासारखं तोंड उघडून उभी राहिली. तिला आपला वाटा हवा होता. ह्यू-तुंगचा हात थांबला. हे चांगलं पाणी होतं, दोघींनाही ते माहीत होतं.

दोघींपैकी एकीचाही हात पुढे झाला नाही. लोक-यी तोंड उघडून उभीच होती.